नांगरमाळच्या भोंग्याचे दोन सूर

मी भोंगा बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. आमच्या खानदानात हळू बोलायची रीतच नाही. तोंड उघडलं की दोन मैलांवरच्या म्हशीनेही कान टवकारले पाहिजेत, अशी माझी घडण. तेव्हा आवाज जरा मोठा वाटला तर राग मानू नका.

माझा मुक्काम नांगरमाळला. उंब्रजपाशी हायवे सोडलात आणि उसातून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलात, की आमचं गाव येतं. घरटी एक माणूस फौजेत, नाहीतर फौजेतून परत आलेला. ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीशेजारी, तीन पायांच्या लोखंडी घोडीवर मी बसलोय. अंगाला लाल रंग आणि बाजूला लाकडी मुठीचं हँडल. हँडल फिरवलं की पोटातलं चक्र फिरतं, वारा आत ओढला जातो आणि माझा आवाज निघतो. मला वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगशी माझं देणंघेणं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवतही नाही.

मला फक्त दोन सूर येतात. हँडल कमी-जास्त वेगाने फिरवलं की माझा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. तो धोक्याचा सूर. एकाच वेगाने फिरवत राहिलं की आवाज एका पातळीवर लांबच लांब जातो. तो सुटकेचा. म्हणजे धोका टळला, बाहेर या. माझी सगळी विद्या एवढीच, पण तेवढी पक्की.

मी जन्मलो विलायतेत, मोठ्या लढाईच्या घाईगर्दीत. कारखान्याच्या एका शेडमध्ये आम्ही भोंगे तयार होत होतो आणि शेजारच्या शेडमध्ये बॉम्ब. एकाच भट्टीतलं लोखंड थोडं त्यांच्याकडे जाई, थोडं आमच्याकडे येई. म्हणजे नात्याने आम्ही चुलतभाऊ. तो वरून पडणारा, मी तो पडतोय म्हणून ओरडणारा. भावकीत पटत नाही असं तुमच्याकडे म्हणतात ना, तसंच आमचं.

तिथून जहाजाने मी आलो ब्रह्मदेशात, रंगूनला. नदीकाठच्या एका तांदळाच्या वखारीवर मला बसवलं. हिवाळ्यातल्या एका सकाळी जपानी विमानं आली. मी जीव तोडून ओरडलो. पण लोकांना माझी सवय कुठे होती? लपायचं सोडून ती माणसं रस्त्यावर आली आणि हात कपाळाला लावून वर बघत उभी राहिली. त्या दिवशी काय झालं ते मी वरून पाहिलं. पुढच्या वेळी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग इंग्रज गेले, जपानी आले. मी तिथेच. आता विमानं यायची ती इंग्रजांच्या बाजूची, रंगून सोडवायला. पंखांवरची निशाणं बदलली होती. खाली पडणारं तेच होतं आणि खाली राहणारेही तेच. मला आवाजावरून कधी ओळखता आलं नाही की हा बॉम्ब गुलाम करणारा आहे की सोडवणारा.

तोवर वखारीतले पुरुष वेठीला धरून नेले होते. माझं हँडल आलं मा खिनच्या हाती. ती तांदूळ निवडणारी बाई. बारीक चणीची, पण मनगट असं की माझ्या चक्राला धाप लागावी. धोक्याचा सूर देताना ती माझ्याकडे बघत नसे. तिचं लक्ष खालच्या गल्लीतल्या आपल्या घराकडे असे. सासू दोन्ही पोरांना घेऊन घरामागच्या खंदकात शिरली की ती मान हलवायची, जणू मलाच सांगतेय, झालं, गेली आत.

रंगून सुटायच्या थोडं आधी शेवटचा मोठा मारा झाला. शेजारचा म्हातारा म्हणत होता, 'आता थोडंच राहिलं, हे आपल्याला सोडवायला आलेत.' त्या दिवशी एक बॉम्ब त्या गल्लीतच पडला. मा खिनने तो पडताना पाहिला. तिचा हात थांबला नाही. विमानं दिसेनाशी झाली, तेव्हा तिने एका वेगाने हँडल फिरवून सुटकेचा सूर दिला, पुरता दिला. कारण बाकीचे खंदकात अडकून होते आणि त्यांना कुणीतरी बाहेर या म्हणायला हवं होतं. तो सूर संपल्यावर ती जिना उतरली आणि घराकडे धावत सुटली. घर नव्हतं.

हे मी आजवर हजार वेळा आठवलंय, आणि दर वेळी वाईट वाटलंय. लोखंडाला वाईट वाटतं का, असं विचारू नका. वाटतं.

पुढे इंग्रजांच्या फौजा शहरात आल्या. त्यात नांगरमाळचे बाळासो हवालदार होते. वखार साफ करायचं काम त्यांच्या तुकडीकडे आलं आणि साहेबाने मला भंगारात टाकायला सांगितलं. बाळासो वर आले तर मा खिन माझ्याशेजारी बसलेली. हमालीला आलेला एक तमिळ गडी मोडकं हिंदुस्तानी बोलत होता. त्याने तिची सगळी हकिकत बाळासोंना सांगितली. बाळासो तिच्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "भंगारात नको. ह्येला मी गावाला नेतो."

मा खिनने त्या गड्याला काहीतरी विचारायला लावलं. त्याने विचारलं, "तुमच्या गावात आकाशातून काय पडतं?"

बाळासोंना प्रश्न कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "पाऊस पडतो."

तिने माझ्या मुठीवरचा हात काढला. "मग घेऊन जा," ती म्हणाली.

असा मी कऱ्हाडच्या स्टेशनावर उतरलो, बैलगाडीत बसलो आणि नांगरमाळचा झालो. बाळासोंनी गावाला माझे दोन्ही सूर शिकवले आणि एक नेम घालून दिला: ज्याने लढाईचा मोर्चा पाहिला त्यानेच या हँडलला हात लावायचा. फौजी गाव ते. नेम कुठे लिहिला नाही, पण कुणी मोडलाही नाही. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे पहिल्या धक्क्याला बाळासोंनी मला वाजवलं. माणसं उघड्यावर आली आणि मग भिंती पडल्या. त्या दिवसापासून गावाने मला नारळ फोडायला सुरुवात केली. नारळाचं पाणी बेअरिंगला चांगलं नसतं, पण माया म्हणून मी चालवून घेतलं.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. मोबाइल आले, मग मला कोण विचारतो! तालमीच्या माळ्यावर कितीतरी वर्षं मी उंदरांची लग्नं बघत पडलो होतो. कोरोनानंतर गावातली पोरं जेवतानासुद्धा स्क्रीनवरून नजर उचलेनात, तेव्हा ग्रामसभेने ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा सलग वाजेल आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. उंब्रजहून अल्लाबक्ष आला. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि हात माझ्या मते देवाचा आहे. त्याने मला नवं बेअरिंग घातलं, ग्रीस भरलं, लाल रंग दिला. मी पुन्हा ओरडलो तेव्हा वडाची सगळी पाखरं उडाली.

हँडलचा मान आला बाळासोंच्या मुलाकडे, सुभेदार सयाजींकडे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या गुडघ्यात गोळी गेली होती. जिना चढताना ते गुडघ्याला शिव्या देत आणि वर आल्यावर मिशीला पीळ. त्यांच्यामागे तेलाची बाटली घेऊन त्यांची सून संयोगिता येई. त्यांचा कोपर धरायचा, मला तेल द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं, एवढं तिचं काम. सुभेदार वाजवताना तिला रोज नव्याने समजावून सांगत, हा धोक्याचा, हा सुटकेचा. मा खिनची गोष्टही त्यांनीच तिला सांगितली होती, अगदी 'पाऊस पडतो' पर्यंत. निवृत्त माणसाला श्रोता लागतो आणि तिला ऐकायला आवडे. सासरा आणि सून यांचं इतकं चांगलं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

संयोगिताचा नवरा वीरधवल फौजेत हवालदार. गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा त्याची तुकडी तिथेच होती. फोन येईनासा झाला. ती वर यायची ती ओच्यात मोबाइल खोचून, आणि मी वाजत असतानाही तिचा हात ओच्यावर असे.

गावात तेव्हा एकच विषय. त्यांच्या एखाद्या मोठ्या शहरावर बॉम्ब टाकून द्या, म्हणजे एका दिवसात संपेल. पारावर, डेअरीत, सलूनमध्ये सगळे सेनापती झाले होते. अल्लाबक्ष माझी घोडी पक्की करायला येई. एरवी त्याची जीभ त्याच्या पान्यापेक्षा जोरात चाले, पण त्या दिवसांत तो मान खाली घालून काम करी. कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं. तरी तो गप्पच असायचा.

एका संध्याकाळी तेल देता देता संयोगिताने विचारलं, "आबा, शहरावर टाकलं की लढाई संपती असं समदी म्हणत्यात. तुमाला पटतं?"

"न पटाया काय झालं?" सुभेदार म्हणाले. "माझा बाप, ह्यो भोंगा आणणारा, तवा रंगूनच्या गोदीत जहाजात चढायच्या तयारीत हुता. म्होरं मलाया, त्येच्या म्होरं कुठं ते देवाला ठावं. आपली किती पोरं मेली असती! तेवढ्यात जपानच्या दोन शहरांवर त्ये दोन बॉम्ब पडलं. लढाई खल्लास. बाप जित्ता घरी आला, त्येचं लगीन झालं, मी झालो, वीर झाला. तू ज्या घरात नांदतीयास न्हवं पोरी, त्या घराचा पाया त्या दोन बॉम्बांवर हाय."

तिने माझं बेअरिंग पुसलं. मग म्हणाली, "त्या दोन शहरांतबी घरं असतील की वो. त्यातबी कुणाची सून दिवा लावत असंल."

"लढाईत असलं धरून चालत न्हाई," सुभेदारांचा आवाज चढला. "तुझा नवरा तिथं उभा हाय. त्येचं बघ."

 तिचा हात ओच्यावर गेला. सुभेदारांना बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण उतरताना त्यांनी तिच्या हातातली बाटली स्वतः घेतली.

मी विचार करत राहिलो. सुभेदारांचं म्हणणं मला कसं नाकारता येईल? ते दोन बॉम्ब पडले नसते तर बाळासो कुठल्यातरी किनाऱ्यावर राहिले असते आणि मी रंगूनच्या भंगारात. माझं इथलं सगळं सुख, तेल, नारळ, वडाची पाखरं, त्याच दोन शहरांच्या राखेतून आलेलं. मला ते माहीत आहे. पण म्हणून ती राख बरोबर होती, असं माझ्या पोटातलं चक्र म्हणायला तयार नाही. लढाई कशी जिंकायची ते मला कळत नाही, ते सुभेदारांना विचारा. छपराखाली काय असतं ते मला विचारा. मी आयुष्यभर तेच बघत आलोय.

मग तहसीलची माणसं हवाई हल्ल्याचा सराव घ्यायला आली. त्यांनी गावाला बसवून सांगितलं: भोंगा चढ-उतार वाजला की दिवे घालवा, भिंतीच्या आडोशाला बसा, लेकरं जवळ घ्या. सलग वाजला की उठा. सराव झकास झाला. पोरं हसली, बायकांनी दिवे घालवले, धोंडुबाई मात्र अंधारात चहा पीत ओट्यावरच बसून राहिली. माझं कौतुक झालं, तेव्हा मीही जरा फुगलोच होतो.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच ती संध्याकाळ आली. दिवेलागणीची वेळ होती. एकाएकी घराघरांतून टीव्हीचा आवाज वाढला. त्यांचं ते समुद्राकाठचं मोठं शहर आपल्या विमानांनी बेचिराख केलं, असं सांगत होते. गावाने शहानिशा केली नाही. कोण करतो अशा वेळी? हलगी निघाली. सरपंच उदयसिंहने निवडणुकीतलं गुलालाचं उरलेलं पोतं फोडलं. पंचायतीपुढे नाच सुरू झाला. "आबा, आज भोंगा पायजेच! पाच मिन्टं सलग! लढाई संपली!" उदयसिंह ओरडत होता.

सुभेदार जिना चढून आले. त्या दिवशी गुडघ्याला एकही शिवी नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मागून संयोगिता. अल्लाबक्ष टाकीजवळ माझ्या घोडीचा बोल्ट आवळत होता, तो उठून बाजूला झाला.

"बघ, म्हटलं न्हवतं?" सुभेदार सुनेला म्हणाले. "संपलं. वीर येतोय आता. आज मी न्हाई वाजवणार, आजचा मान तुझा. मोडला नेम तर मोडला. घे, धर हांडल!"

संयोगिता खाली बघत होती. गुलालाने लाल झालेली डोकी, कडेवर-खांद्यावर घेतलेली लेकरं. तिचा चेहरा मी जवळून पाहत होतो. नवरा परत येण्याची आस त्यावर इतकी उघडी होती की वाटलं, वाजवणार ही, सुटकेचाच वाजवणार. आणि तसं तिने केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

तिने मूठ धरली. माझ्या मुठीला बाईचा हात ऐंशी वर्षांनी लागला.

मग तिने हँडल फिरवलं. जोरात, मग हळू, मग पुन्हा जोरात. मी चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. धोक्याचा सूर.

हलगी अर्ध्या ठेक्यावर थांबली. 'आली! त्यांची आली!' कुणीतरी किंचाळलं. क्षणात नाच मोडला. दिवे भराभर गेले. बाया लेकरांची नावं घेत धावल्या. सरावात हसलेली पोरं गटाराच्या भिंतीला चिकटून बसली. सरावात चहा पीत बसलेली धोंडुबाई नातीसाठी धावली, उंबऱ्याला अडखळून पडली आणि पडल्या जागी तिने नातीला पोटाखाली घेतलं. उदयसिंह गुलालाच्या पोत्याशेजारी पालथा. वर स्लॅबवर सुभेदार कठड्याला टेकून खाली बसले होते आणि त्यांनी अल्लाबक्षचा हात घट्ट धरला होता. त्यांना कळत होतं की सून वाजवतेय, विमान वगैरे काही नाही. तरी धरला होता.

गाव निपचित पडलं. कुठेतरी एक लेकरू रडत होतं आणि त्याची आई त्याच्या तोंडावर हात ठेवून स्वतःच रडत होती.

संयोगिताने श्वास घेतला आणि एका वेगाने हँडल फिरवलं. सुटकेचा सूर. पुरता दिला, शेवटपर्यंत.

माणसं उठली. आधी एकमेकांना चाचपलं, मग चिडली. "वहिनी! चेष्टा हाय का ही?" उदयसिंह गुलाल झटकत ओरडला.

ती कठड्याशी आली. "चेष्टा न्हाई. तुमी घाबरलासा, मीबी घाबरले. धोंडूआजी, तुमाला लागलं, त्येची माफी मागते, खाली येऊन पाय धरते. पर मला सांगा, नुसता आवाज झाला तर आपलं हे झालं. ज्या शहरासाठी गुलाल उधळला, तिथंबी असाच भोंगा वाजला असंल. आयांनी अशीच लेकरं पोटाखाली घेतली असतील. आन् तिथं मागनं खरंच पडलं."

"आमी वीरदादासाठीच नाचतोय की! त्यो घरी यावा असं तुमाला वाटत न्हाई?"

तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. "माझ्याइतकं इथं कुणाला वाटत न्हाई, उदयभावजी. पर त्यो तिथं कशापायी उभा हाय? तुमी-आमी मागं सुखानं जेवावं म्हणून. शिपाई म्होरं उभा राहतो ते मागच्या गावावर कुणी येऊ नये म्हणून. गावंच जाळायची, तर शिपाई पायजेल कशाला? त्यो येऊ दे, उद्या येऊ दे. पर दुसरीच्या लेकरांच्या मढ्यांवरनं चालत नगं. आन् त्योबी तसा येणार न्हाई, मी ओळखते त्येला."

 सगळ्यांच्या माना वर, सुभेदारांकडे वळल्या. आता म्हातारा सुनेला फैलावर घेणार, असं गावाला वाटलं. मलाही वाटलं.

सुभेदार अल्लाबक्षच्या आधाराने उठले. "सुटकेचा वाजलाय न्हवं? मंग हुबं काय राहिलायसा? जावा घरला. गुलाल धुवा." एवढंच बोलले.

गाव पांगलं. संयोगिता खाली जाऊन धोंडुबाईच्या पायाला हळद लावून परत आली, तरी सुभेदार वरच होते.

"माझं मत हाय तेच हाय," ते म्हणाले. "त्ये दोन बॉम्ब पडलं म्हणून मी हाय. ह्ये तुला खोडता यायचं न्हाई."

"मी कुठं खोडते, आबा? तुमी हायसा म्हणून मला आनंदच हाय. त्यांचं वाईट वाटतं म्हणून तुमी नसावं असं थोडंच हाय?"

सुभेदारांनी माझ्या मुठीवर हात ठेवला.  "बापानं 'पाऊस पडतो' म्हणून सांगून आणलाय ह्येला," ते म्हणाले. "कुणाचं गाव जळालं म्हणून वाजवायला न्हाई आणला. त्येवढं मातूर तुझं खरं."

अल्लाबक्ष पान्याशी चाळा करत उभा होता. सुभेदार त्याच्याकडे वळून म्हणाले, "आन् तू रं? तोंडाला कुलूप घातलंयस व्हय? उद्या ये, बेअरिंग वाजतंय त्येचं."

माझं बेअरिंग मुळीच वाजत नव्हतं. पण अल्लाबक्ष हसला, त्या दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि म्हणाला, "येतो की सुभेदार. च्या मात्र घरचा पायजे. त्या उदयसिंगाच्या हाटेलातला नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवलचा फोन आला. संध्याकाळी तेल देताना संयोगिताने तो सासऱ्याला पुन्हा सांगितला, कितव्यांदा कोण जाणे. तो सुखरूप होता. आणि ते शहर जागच्या जागी होतं. बातमीच खोटी होती. सुभेदार टाकीकडे बघत म्हणाले, "बरं झालं." मुलगा सुखरूप आहे हे बरं झालं की शहर जागेवर आहे हे, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे तोफाही थांबल्या आणि वीरधवल गणपतीला रजेवर आला. कुणा शहराची राख झाली नव्हती, तरी आला.

गावात काही लोक अजून म्हणतात, सुभेदारांच्या सुनेने त्या दिवशी उगीच गावाच्या काळजाचं पाणी केलं. धोंडुबाईचा पाय आठ दिवस सुजला होता, हेही खरं. मी मात्र संयोगिताच्या बाजूचा आहे आणि राहणार. रोज कानीकपाळी ओरडून जे मला सांगता आलं नाही, ते तिने माझ्याच तोंडून सांगितलं.

आता सुभेदारांना जिना झेपत नाही. पोळ्याच्या दिवशी त्यांनी ग्रामसभेत उठून सांगितलं, "मोर्चा बघितल्यालाच हांडलला हात लावायचा, ह्यो बापाचा नेम. तो मी मोडत न्हाई. पर घरी बसून वाट बघणारीनंबी मोर्चाच बघितलेला असतो. तवा ह्येच्या म्होरं भोंगा संयोगिताकडं." टाळ्या पहिल्यांदा उदयसिंहने वाजवल्या. माणूस वाईट नाही तो.

मी म्हातारा झालोय, पण आवाज शाबूत आहे. अभ्यासाची वेळ झाली म्हणून वाजवा, बिबट्या उसात शिरला, धरणाचं पाणी सोडलं, जमीन हलली म्हणून वाजवा. मी कधी कंटाळणार नाही. मात्र एवढं ऐका. दुसऱ्या कुणाच्या छपरावर काही पडलं म्हणून माझं हँडल आनंदाने फिरवू नका. त्या छपरावरही माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असतो, आणि त्याच्या मुठीवर कुणा बाईचा हात असतो. ते शहर कुणाचं, हे विचारायची मला गरज वाटत नाही.

सात वाजत आलेत. जिन्यावर पावलं ऐकू येतायत. ती येईल, तेल देईल आणि एका वेगाने हँडल फिरवून सुटकेचा सूर पुरता देईल, मा खिनने दिला होता तसाच. मग जिना उतरेल आणि घराकडे चालत जाईल. मी वरून बघत राहतो. घर असतं.